रोज संध्याकाळी इंटरनेट मंदावतं: केबल असो वा डीएसएल, पाणी नेमकं कुठं मुरतंय ते कसं ओळखायचं

दिवसभर सगळं सुरळीत असतं. संध्याकाळी सात-साडेसात वाजले की व्हिडिओ अडखळायला लागतो, कॉलवर समोरच्याचा आवाज तुटतो आणि रात्री अकरानंतर सगळं आपोआप ताळ्यावर येतं. ही तक्रार डीएसएलवालेही (फोनच्या तारेवरून इंटरनेट घेणारे) करतात आणि केबलवालेही (टीव्हीच्या केबलवरून घेणारे) करतात. डीएसएलवाल्याला वाटतं केबल घ्यावी, केबलवाल्याला वाटतं जुनी फोनलाइनच बरी होती.

मीही याच वाटेनं गेलोय. डीएसएलला कंटाळून केबल घेतली, पण जुनी लाइन लगेच बंद केली नाही. दोन महिने दोन्ही मोडेम एकाच टेबलावर शेजारी शेजारी चालू होते. संध्याकाळी दोन्ही लाइनी मंदावायच्या, पण कारणं अगदी वेगळी होती. स्पीड टेस्टचा आकडा दोन्हीकडे सारखाच घसरतो, म्हणून नुसता तो पाहून लाइन बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरं कारण मोडेमच्या आतल्या, ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानावर लिहिलेलं असतं. ते पान कसं वाचायचं आणि वाचून काय करायचं, हे मला जसं उमगलं तसं सांगतो.

आधी घरातला संशय मिटवा

लॅपटॉप लॅनच्या वायरनं थेट मोडेमला किंवा राउटरला जोडा आणि मगच मोजा. वाय-फायवर घेतलेल्या टेस्टमध्ये लाइन किती आणि वाय-फाय किती, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय संध्याकाळी आजूबाजूच्या घरांतले वाय-फायही एकदमच जागे होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात दहा घरांचे राउटर बोलत असतील तर तुमची लाइन कितीही चांगली असो, संध्याकाळ वाईटच जाणार. तपासायला सोपं आहे. वाय-फायवरून स्वतःच्याच राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. ते कधी २ मिलिसेकंद, कधी २०० असं उड्या मारत असेल तर बाहेरच्या तारेला दोष देऊ नका. राउटर ५ गिगाहर्ट्झवर न्या, जागा बदला, आणि प्रश्न तिथंच सुटला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

दोन छोट्या गोष्टी इथंच उरकतो. पहिली म्हणजे, कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि डाउनलोडच्या खिडकीत तो मेगाबाइटमध्ये दिसतो. आठानं भागायचं. २४ एमबीपीएसच्या लाइनीवर सेकंदाला ३ मेगाबाइट दिसले तर लाइन पूर्ण वेगानं चालली आहे. दुसरी म्हणजे, २०० एमबीपीएसच्या केबलवर टेस्ट दिवसरात्र ९४च्या आसपासच अडकत असेल तर लॅनची वायर बदलून बघा. आतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की गिगाबिटची जोडणी गुपचूप १०० वर उतरते, आणि शंभरातून हेडरचा (प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्याबित्त्याचा) खर्च गेला की हाती ९४ उरतात.

यानंतर सात दिवसांची नोंद. लोक हीच पायरी गाळतात, आणि सगळं घोडं इथंच पेंड खातं. तोच लॅपटॉप, तीच वायर, तोच टेस्टचा सर्व्हर. वेळा चार: पहाट, दुपार, रात्री नऊ, मध्यरात्र. प्रत्येक वेळी डाउनलोड, अपलोड, लाइन रिकामी असतानाचं पिंग, मोठी फाइल उतरत असतानाचं पिंग, आणि त्याच मिनिटाला मोडेमच्या पानावरचे आकडे. टेस्ट दहा सेकंदांवर थांबवू नका, कारण काही केबल कंपन्या डाउनलोडच्या सुरुवातीला काही सेकंद ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेग सोडतात. त्या उसळीनं टेस्ट फुगते आणि तासाभराचा व्हिडिओ मात्र रखडतो. एखादी मोठी फाइल दोन-तीन मिनिटं उतरवून तिचा स्थिर वेग लिहून ठेवला तर तो जास्त खरा.

दोन तारांची जात

आकडे वाचण्याआधी एवढं समजून घेतलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

डीएसएल टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवर चालतं. ही जोडी टाकली गेली ती माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे ३०० ते ३,४०० हर्ट्झसाठी. डीएसएल त्याच्या वरचा पट्टा वापरतं, आणि त्याच्या पिढ्या अशा: एडीएसएल १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, २००३ साली आलेलं एडीएसएल२+ २.२ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि २००६चं व्हीडीएसएल२ १७, काही ठिकाणी ३० मेगाहर्ट्झपर्यंत. पातळ, कवच नसलेल्या जोडीत इतकी वरची कंपनं फार लांब तग धरत नाहीत. म्हणून डीएसएलमध्ये अंतर हाच राजा. तुमची जोडी जिथं संपते त्या कंपनीच्या यंत्राच्या अगदी जवळ एडीएसएल२+ २० एमबीपीएसच्या पुढे जातं, पण तीन किलोमीटरवर तेच सात-आठपर्यंत खाली येतं. व्हीडीएसएल२ काही शे मीटरांत अफाट पळतं, पण दीड किलोमीटरपलीकडे त्याचा फारसा लाभ उरत नाही. मात्र डीएसएलची ती जोडी त्या यंत्रापर्यंत एकट्या तुमची असते.

केबल इंटरनेट टीव्हीच्या कोअॅक्सियल तारेवर चालतं. मधोमध जाड तार, भोवती जाळीचं कवच, आणि शेकडो मेगाहर्ट्झ सहज वाहण्याची ताकद. इथं अंतराचा प्रश्न जवळजवळ नसतोच. पण नोडपासून (कंपनीच्या वस्तीतल्या वाटपाच्या ठिकाणापासून) पुढे ती तार शेकडो घरांना एकत्र पुरवते. केबल इंटरनेटचं डॉक्सिस हे तंत्र १९९७ साली आलं. २००६च्या डॉक्सिस ३.०मध्ये अनेक चॅनल एकत्र बांधायची सोय झाली. ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनलमधून वापरण्याजोगे सुमारे ३८ एमबीपीएस मिळतात, युरोपीय पद्धतीच्या ८ मेगाहर्ट्झमधून सुमारे ५०. असे आठ चॅनल बांधले तर ३०० ते ४०० एमबीपीएस. ऐकायला भरपूर वाटतं, पण हा आकडा एका घराचा नसून त्या चॅनलांवरच्या सगळ्या घरांचा मिळून आहे. चाळीस घरांनी एकाच वेळी १० एमबीपीएसचा व्हिडिओ लावला की तेवढ्यातच ४०० संपले.

डीएसएल: संध्याकाळी आधी सिंक बघा

मोडेमच्या पानावर सिंक रेट, अटेन्यूएशन आणि नॉइज मार्जिन असे तीन आकडे सापडतील. नावं थोडी इकडेतिकडे असतील, पण असतात सगळीकडे.

सिंक रेट म्हणजे तुमच्या मोडेमनं आणि समोरच्या यंत्रानं आपसात ठरवलेला वेग. एडीएसएलवर स्पीड टेस्ट साधारण त्याच्या १३ ते १५ टक्के खालीच राहते. एडीएसएलमध्ये डेटा ५३ बाइटच्या डब्यांतून जातो, त्यातले ५ बाइट पत्त्यालाच लागतात, आणि वर इतर हेडर असतात. म्हणजे ८,१२८ केबीपीएसच्या सिंकवर टेस्टमध्ये ७ एमबीपीएसच्या आसपास दिसलं तर कोणी फसवलेलं नाही.

अटेन्यूएशन म्हणजे तारेत किती सिग्नल विरला ते. तो डीबीमध्ये (डेसिबलमध्ये) मोजतात. एडीएसएलवर साधारण १३.८ डीबीला एक किलोमीटर असा ढोबळ हिशोब धरा. ४१ डीबी म्हणजे तीन किलोमीटर. हा आकडा रोज बदलत नाही. तो ५० किंवा ६० असेल तर संध्याकाळच नव्हे, दिवसभरच तुम्हाला कमी मिळणार. त्यावर घरात उपाय नाही. पण तो अचानक वाढला असेल तर कुठंतरी जोड सैल झालाय किंवा गंजलाय.

नॉइज मार्जिन हा खरा बोलका आकडा. सिग्नल गोंगाटाच्या जितका वर असायला हवा, त्याहून किती जास्त वर आहे, ते हा सांगतो. मोडेम जोडताना साधारण ६ डीबी हाताशी राखून वेग ठरवतो. गोंगाट वाढत गेला की मार्जिन ५, ४, ३ असं खाली सरकतं आणि शेवटी लाइन तुटते. मग मोडेम पुन्हा जोडतो, पण या वेळी गोंगाट धरून, म्हणजे कमी वेगावर.

आता संध्याकाळची परीक्षा. त्रास सुरू होताच पान उघडा. सिंक सकाळचाच आहे, मार्जिनही तेच आहे, पण टेस्ट अर्ध्यावर आली आहे, तर तुमचं तांबं निर्दोष आहे. गर्दी त्या यंत्राच्या पलीकडे, कंपनीच्या आतल्या वाटेवर आहे, नाहीतर घरातलंच कोणीतरी काहीतरी अपलोड करतंय. "डीएसएल शेअर होत नाही" हे वाक्य त्या यंत्रापर्यंतच खरं आहे. पुढची वाट तिथंही सगळ्यांची एकच.

पण सिंकच घसरला असेल किंवा मार्जिन पडत असेल, तर गोष्ट निराळी. माझ्याकडे हेच होतं. दुपारी सिंक ७,६०० आणि मार्जिन ९. संध्याकाळी मार्जिन ३ वर यायचं, लाइन तुटायची, आणि परत यायची ती ५,८०० वर. शेजाऱ्यांचा वापर वाढतो म्हणून असं होतं, असं मी गृहीत धरून चाललो होतो. नोंदी पाहताना लक्षात आलं की त्रासाची वेळ दर आठवड्याला थोडीथोडी पुढे सरकते आहे. गर्दी घड्याळ पाहून येते, हा त्रास मात्र सूर्यास्ताबरोबर सरकत होता.

कारण मध्यम लहरींचा रेडिओ. ती प्रक्षेपणं साधारण ५३० ते १,६०० किलोहर्ट्झवर असतात, म्हणजे बरीचशी एडीएसएलच्याच पट्ट्यात. दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर त्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात, आणि घरातली लांबलचक फोनची वायर त्यांची अँटेना बनते. पूर्वी रात्री रेडिओवर दूरदूरची केंद्रं लागायची ती याच कारणानं. त्यामुळे डीएसएलवर सूर्यास्तानंतर मार्जिन दोन-तीन डीबी उतरणं अगदी सामान्य आहे. त्याहून फार जास्त उतरत असेल तर घरातली वायरिंग बघायलाच हवी.

उपाय सोपा निघाला, पण सुचायला वेळ लागला. लाइन घरात शिरते त्या पहिल्या पेटीतच मोडेम जोडून बघा, बाकी सगळं सोडवून: फोन, एक्स्टेन्शन, आतल्या खोल्यांत गेलेल्या जुन्या वायरी. मार्जिन लगेच वर आलं तर दोष बाहेर नाही, आतच आहे. माझ्याकडे वर्षानुवर्षं कोणी न वापरलेली एक एक्स्टेन्शन दुसऱ्या खोलीत तशीच लोंबत होती. ती पेटीतून काढल्यावर संध्याकाळचं मार्जिन ६ च्या खाली गेलं नाही. फोन ठेवायचाच असेल तर प्रत्येक फोनला फिल्टर (आवाज आणि डीएसएल वेगळे ठेवणारी डबी) लावा. एक जरी विसरला तरी सगळी लाइन बिघडते. पेटीपासून मोडेमपर्यंतची चपटी लांब वायर काढून आखूड, पीळदार जोडीची घाला.

फोन उचला, एक अंक दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांततेत ऐका. चरचर, खरखर ऐकू आली तर कुठंतरी जोड गंजलाय. पावसानंतर ती वाढत असेल तर जवळजवळ खात्रीच. ही तक्रार आवाजाची म्हणून नोंदवा. फोनच्या खरखरीकडे कंपन्या इंटरनेटच्या मंदपणापेक्षा लवकर लक्ष देतात, हा माझा अनुभव आहे.

घरातला गोंगाट शोधायला एक जुनी युक्ती आहे. बॅटरीवरचा मध्यम लहरींचा छोटा रेडिओ घ्या, ६१२ किलोहर्ट्झच्या आसपास कुठलंही केंद्र नसलेली जागा पकडा, आणि त्रासाच्या वेळी घरभर फिरा. खराब अॅडॉप्टर, दिव्याचा डिमर, स्वस्त एलईडीचा पुरवठा यांच्याजवळ गेलात की रेडिओ गुरगुरायला लागतो. संध्याकाळी लागणारी वस्तू आणि संध्याकाळी येणारा त्रास यांची सांगड अशी हातोहात लागते.

एक कळकळीची विनंती: डीएसएलचा मोडेम दिवसातून दहादा बंद-चालू करू नका. अनेक कंपन्यांची यंत्रणा लाइन किती वेळा तुटते ते मोजते. वारंवार तुटली की ती लाइन अस्थिर ठरवून मार्जिन ६ ऐवजी ९ किंवा १२ डीबी राखायला लागते आणि वेग आणखी कापते. घाईनं केलेल्या रीस्टार्टांची किंमत पुढचे कित्येक दिवस मोजावी लागते.

केबल: इथं सिंक काही सांगत नाही

केबलच्या मोडेमवर ठरलेला वेग कायम तोच दिसतो, कारण तो कंपनीनं तुमच्या योजनेप्रमाणे बसवलेला असतो. तो न हलताही तुमची संध्याकाळ बरबाद होऊ शकते. म्हणून इथं वेगळे आकडे बघायचे. बहुतेक मोडेमचं पान १९२.१६८.१००.१ या पत्त्यावर उघडतं (टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक).

डाउनस्ट्रीम पॉवर (तुमच्याकडे येणाऱ्या सिग्नलची ताकद) प्रत्येक चॅनलला साधारण उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीमध्ये (केबलवरच्या सिग्नलचं माप) असावी. एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) ३३ डीबी किंवा वर. अपस्ट्रीम पॉवर (मोडेम परत पाठवताना लावतो ती ताकद) ३५ ते ४९ च्या दरम्यान. हा शेवटचा आकडा वाचताना उलटा विचार करायचा. तो जास्त असणं चांगलं नाही. मोडेमला स्वतःचं बोलणं समोर पोहोचवायला ओरडावं लागतंय, असा त्याचा अर्थ. ५० च्या पुढे गेला की मोडेम जवळजवळ गळा फाडून बोलतो आहे आणि वर चढायला त्याच्याकडे जागा उरलेली नाही.

मग दुरुस्त न झालेल्या कोडवर्डची, म्हणजे वाटेत बिघडलेल्या आणि सुधारता न आलेल्या डेटाच्या तुकड्यांची संख्या. मोडेम चालू झाल्यापासूनची एकूण बेरीज पाहून घाबरू नका. तासाभरात ती किती वाढली ते बघा. शांत लाइनीवर ती फारशी हलत नाही. आणि लॉगमध्ये टी३ टाइमआउट. मोडेमनं हाक मारली आणि उत्तर आलं नाही, की टी३ लिहिला जातो. एखाददुसरा चालतो, रोज संध्याकाळी ओळीनं यायला लागले तर परतीची वाट खराब आहे. केबलचा मोडेम रीस्टार्ट केल्यानं नुकसान होत नाही, पण मोजलेले सगळे आकडे पुसले जातात. म्हणून आधी पानाचा फोटो काढा, मग बटण दाबा.

परतीची वाट हा केबलचा सर्वात नाजूक भाग आहे. जुन्या अमेरिकी पद्धतीत अपलोडला ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपीय पद्धतीत ५ ते ६५. हा पट्टा आकारानं लहान आणि स्वभावानं गोंगाटी. लघुलहरींचा रेडिओ इथंच, मोटारी आणि अॅडॉप्टरांची खरखर इथंच. शिवाय नोडवर सगळ्या घरांच्या परतीच्या तारा एकत्र येतात, तसा त्यांचा गोंगाटही एकत्र होतो. एका घरातला सैल कनेक्टर सगळ्यांची संध्याकाळ बिघडवू शकतो. तो तुमच्याच घरात असण्याची शक्यता आधी संपवा.

स्प्लिटर, म्हणजे एका तारेच्या अनेक वाटा करणारी डबी, शोधा. टीव्हीच्या काळात लावलेले स्प्लिटर भिंतीमागे, माळ्यावर विसरलेले असतात. दोन वाटांचा स्प्लिटर प्रत्येक वाटेत सुमारे ३.५ डीबी खातो, चार वाटांचा ७ डीबी. ३ डीबी म्हणजे निम्मी ताकद, हे लक्षात घेतलं की त्यांचं वजन कळतं. माझ्याकडे चार वाटांचा एक होता आणि त्यातल्या तीन वाटा कुठंच जात नव्हत्या. तो काढून तार सरळ मोडेमला दिली. अपस्ट्रीम पॉवर ५१ वरून ४४ वर आली आणि टी३ त्याच दिवशी थांबले. स्प्लिटर ठेवणं भाग असेल तर मोडेमसाठी पहिलाच दोन वाटांचा लावा आणि मोकळ्या तोंडांवर ७५ ओहमचे टर्मिनेटर (तोंड बंद करणाऱ्या टोप्या) बसवा. कनेक्टर हातानं घट्ट करा, मग पान्यानं अगदी थोडासा. आतली तार हिरवी किंवा काळी पडली असेल तर टोक कापून नवा कनेक्टर बसवून घ्या.

आता खरी कसोटी. पॉवर ठीक, एसएनआर ठीक, कोडवर्ड हलत नाहीत, टी३ नाही, तरीही रात्री नऊला वेग निम्मा आणि पहाटे पूर्ण. ही गर्दी. नोड भरलाय. माझ्या केबलवर स्प्लिटर काढल्यानंतरही नऊची घसरण राहिलीच. टी३ चा त्रास वेगळा होता आणि घसरण वेगळी. दोन दुखणी एकाच वेळी होती म्हणून एकच वाटत होती. गर्दीवर घरातून करण्याजोगी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मोडेम किती चॅनल बांधतो ते बघणं. कंपनी चोवीस चॅनल सोडते आणि तुमचा जुना मोडेम चारच पकडतो, तर तुम्ही त्या चार चॅनलांच्या गर्दीत अडकता आणि बाकीचे वीस तुमच्यासाठी नसल्यासारखेच. असा मोडेम बदलला की संध्याकाळ खरोखर सुधारते. मोडेम आधीच नवा असेल तर मात्र नोड विभागणं हे कंपनीचंच काम.

अपलोड: दोन्हीकडचा छुपा चोर

कित्येकदा वर सांगितलेलं काहीच सापडत नाही. लाइन स्वच्छ, सिंक जागेवर, नोडही रिकामा, तरी संध्याकाळी सगळं जड. घरातली माणसं परततात, फोन वाय-फायला जोडले जातात आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढायला लागतात. डाउनलोडला याचा काय त्रास, असं वाटेल. पण उतरणाऱ्या प्रत्येक दोन पाकिटांमागे साधारण एक पोचपावती वर पाठवावी लागते. एडीएसएलवर २० एमबीपीएसचं डाउनलोड पूर्ण वेगानं चालू असेल तर नुसत्या पोचपावत्यांनाच सहाशे-सातशे केबीपीएस लागतात. अपलोड एकूण एक एमबीपीएस असेल तर फोटोंना जागा उरते ती किती! दोघांच्या रेटारेटीत पोचपावत्या अडकतात आणि डाउनलोड थांबतं.

त्यातून मोडेमच्या आतली रांग. २५६ किलोबाइटची रांग एक एमबीपीएसच्या अपलोडवर रिकामी व्हायला दोन सेकंद लागतात. कॉलचं प्रत्येक पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांना ते २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या केबल लाइनवर मोठी फाइल चढवताना दिसलं आणि त्यांनीच त्याला हे नाव रूढ केलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल ही पद्धत मांडली. आज अनेक राउटरांत ती किंवा तिची पुढची रूपं एसक्यूएम या नावाखाली मिळतात.

ओळखायचं कसं? रिकाम्या लाइनीवरचं पिंग २० आणि अपलोड चालू असताना ८०० झालं, की हेच. राउटरमध्ये एसक्यूएम चालू करा आणि वेगाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरच्या ताब्यात राहते. डीएसएलवर हे बसवणं सोपं आहे, कारण सिंक ठरलेला असतो. एडीएसएल असेल तर एटीएमच्या डब्यांचा (वर सांगितलेल्या ५३ बाइटच्या डब्यांचा) खर्च धरायची सेटिंग तेवढी निवडा. केबलवर वेग दर तासाला बदलतो, म्हणून मर्यादा रात्री नऊच्या आकड्यावरून धरावी लागते आणि पहाटेचा थोडा वेग सोडून द्यावा लागतो. मला तो सौदा पटला. डॉक्सिस ३.१च्या मोडेममध्ये रांग आवरण्याची सोय मुळातच आहे, त्यामुळे तिथं हा त्रास कमी दिसतो.

एसक्यूएम नसेल तर फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतरचा लावा. माझ्या ओळखीच्या निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटल्या.

मग बदलायचं का?

"डीएसएल संथ पण स्थिर, केबल वेगवान पण संध्याकाळी कोसळणारी" हे सरसकट विधान मी आता करत नाही. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं २०११ साली हजारो घरांत मोजणीची उपकरणं बसवून अहवाल काढला. संध्याकाळी सात ते अकराच्या गर्दीत जाहिरातीतल्या वेगापैकी डीएसएलनं सरासरी ८२ टक्के दिला, केबलनं ९३ टक्के. पिंगमध्येही केबल २८ मिलिसेकंद, डीएसएल ४४. तंत्रं नंतर खूप पुढे गेली, पण कोणती लाइन जाहिरातीला जागते हे नुसत्या तिच्या प्रकारावरून ठरत नाही, एवढं यातून दिसतं.

डीएसएलच्या जास्त पिंगमागे बरेचदा इंटरलीव्हिंग असतं. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून डेटा पसरवून पाठवला जातो आणि त्यात दहा-वीस मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त जातात. लाइन स्वच्छ असेल तर कंपनीला ते कमी करायला सांगता येतं. खेळणाऱ्यांना हा फरक चटकन जाणवतो.

माझा हिशोब असा. अटेन्यूएशन ५० डीबीच्या पुढे असेल आणि केबल उपलब्ध असेल तर केबल घ्या. तांब्यावर आणखी काही निघणार नाही. व्हीडीएसएलची पेटी काही शे मीटरांवर असेल आणि केबलवाले शेजारी संध्याकाळच्या घसरणीनं त्रासले असतील तर व्हीडीएसएल. दिवसभर कॉलवर असाल तर डाउनलोडचा मोठा आकडा बाजूला ठेवून दोन्हीकडचं अपलोड विचारा, तेही रात्री नऊचं. आणि सिंक न हलता डीएसएल मंदावत असेल तर घाई करू नका. बफरब्लोट असेल तर तो नव्या लाइनीवरही मागोमाग येईल.

तक्रार करताना

"नेट स्लो आहे" म्हटलं की समोरचा मोडेम बंद-चालू करायला सांगतो, कारण त्याच्याकडे दुसरं काही नसतं. त्याला आकडे द्या. डीएसएलसाठी: "दुपारी सिंक इतका, मार्जिन इतकं, सूर्यास्तानंतर मार्जिन इतकं, पहिल्या पेटीत एकटा मोडेम जोडूनही तेच, फोनवर खरखर आहे किंवा नाही." केबलसाठी: "अपस्ट्रीम पॉवर इतकी, एसएनआर इतका, एका तासात दुरुस्त न झालेले कोडवर्ड इतके वाढले, टी३ इतके, वायरवर मोजूनही रात्री नऊला वेग इतका, पहाटे पाचला इतका." गर्दीचा संशय असेल तर नोडचा वापर किती टक्के आहे आणि तो विभागण्याचं काम कधी ठरलं आहे, हा प्रश्न थेट विचारा. सात दिवसांची नोंद सोबत जोडा.

माणूस घरी येणार असेल तर त्रासाच्या वेळेचीच भेट मागा. सकाळी अकराला आलेल्याला तुमची लाइन अगदी निरोगी दिसेल आणि तो तसं लिहून जाईल. संध्याकाळची वेळ मिळतच नसेल तर आदल्या रात्रीचे मोडेमच्या पानाचे फोटो तारीख-वेळेसह तयार ठेवा, आणि त्यानं स्वतःचं मीटर लावायच्या आधी ते त्याला दाखवा.